शंभर टक्क्यांबाहेरची मुले

(बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एका माध्यमिक विद्यालयाच्या मुख्याध्यापिका सेवानिवृत्त झाल्या. त्या निमित्ताने गावकरी व माजी विद्यार्थी यांनी योजिलेल्या गौरव समारंभातील अध्यक्षीय भाषण.)



सेवानिवृत्तीच्या समारंभाला आपल्याकडे एक ठरीव स्वरूप आलेले आहे. शाल येते, श्रीफळ येते, सत्कारमूर्तींच्या अंगी असलेल्या आणि नसलेल्या गुणांची यादी वाचली जाते, आणि दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या खुर्चीचे काय होणार याचा विचार न करता मंडळी आपापल्या घरी जातात. माझ्याआधी बोललेल्या वक्त्यांनी बाईंच्या शिस्तीविषयी, वक्तशीरपणाविषयी आणि त्यांच्या गणिताच्या अध्यापनाविषयी मनापासून सांगितले. ते सर्व खरे आहे. त्याची पुनरुक्ती मी करणार नाही. मला आज एका आकड्याविषयी बोलायचे आहे, आणि त्या आकड्याच्या बाबतीत माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयीही बोलायचे आहे.

तालुक्याच्या गावाहून इकडे येताना रस्त्यावर शाळांचे फलक लागतात. ‘निकालाची उज्ज्वल परंपरा : यंदाही शंभर टक्के’ असा मजकूर त्यांवर ठळक अक्षरांत असतो. आपल्या शाळेवर तसा फलक नाही. बाई या शाळेत १९९१ साली सहशिक्षिका म्हणून आल्या आणि २००९ पासून मुख्याध्यापिका झाल्या. मुख्याध्यापिका म्हणून त्यांच्या सोळा वर्षांच्या काळात शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के एकदाच लागला. ते वर्ष होते २०२१. साथीमुळे त्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावण्यात आला आणि साऱ्या राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. ज्या वर्षी वर्ग बहुतांशी बंद होते, ज्या वर्षी आपल्या वस्त्यांवरील मुलांच्या हाती ना पुस्तक होते ना फोन, त्याच वर्षी महाराष्ट्राने निकालाचा उच्चांक गाठला! टक्केवारी आणि शिक्षण यांचे नाते नेमके काय असते, हे समजून घेण्यासाठी याहून दुसरे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

आता कोणी म्हणेल, ज्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागत नाही, त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचा गौरव कशासाठी? माझे म्हणणे असे की, तो त्यासाठीच आहे.

मित्रहो, शंभर टक्के निकाल लावण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे सर्व मुलांना शिकवणे. तो लांबचा आहे. दुसरा मार्ग जवळचा आहे, आणि तो म्हणजे जी मुले नापास होतील असे वाटते त्यांना परीक्षेला शाळेतर्फे बसूच न देणे. आठवीपर्यंत मूल वर्गात राहते. नववीत चाळणी लागते. पालकांना बोलावून सांगितले जाते, ‘याला काही जमायचे नाही. दाखला घेऊन जा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा.’ हा सतरा नंबरचा अर्ज मुळात वाईट नाही. ज्यांची शाळा सुटली, जे पोटापाण्याच्या मागे लागले, त्यांना खाजगी विद्यार्थी म्हणून पुन्हा परीक्षेला बसता यावे, यासाठी ती सोय आहे. पण बाहेर राहिलेल्यांना आत घेण्यासाठी ठेवलेल्या दाराचा उपयोग आत असलेल्यांना बाहेर घालवण्यासाठी होऊ लागला, तर त्या दाराला काय म्हणावे?

हा हिशेब आपण मांडून पाहू. समजा, दोन शाळा आहेत आणि दोहोंच्या आठवीत साठ साठ मुले आहेत. पहिल्या शाळेने वीस मुले गाळली, चाळीस परीक्षेला बसवली आणि चाळीसही उत्तीर्ण झाली. निकाल शंभर टक्के. दुसऱ्या शाळेतून दोन मुले परगावी गेली, अठ्ठावन्न परीक्षेला बसली आणि एकोणपन्नास उत्तीर्ण झाली. निकाल साडेचौऱ्याऐंशी टक्के. पहिल्या शाळेचा फलक रस्त्यावर लागतो आणि दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांना वरून खुलासा विचारला जातो. वस्तुतः दुसऱ्या शाळेने नऊ मुले अधिक उत्तीर्ण केली, आणि जी नऊ अनुत्तीर्ण झाली त्यांनाही शाळेच्या बाकावर बसण्याचा हक्क दिला. निकालाच्या टक्केवारीत भागाकार असतो, आणि त्या भागाकारातला खालचा आकडा कोणी विचारत नाही. बाईंनी सोळा वर्षे तो खालचा आकडा जपला.

येथे मी माझ्या चुकीकडे येतो. दहा-बारा वर्षांपूर्वी मी शाळेच्या संचालक मंडळावर होतो. शेजारच्या गावांत नव्या शाळा निघाल्या होत्या, त्यांचे निकाल शंभर टक्के लागत होते, आणि आपली मुले तिकडे जातील, तुकडी कमी होईल, शिक्षक अतिरिक्त ठरतील, अशी भीती आम्हांला वाटत होती. ती भीती सर्वस्वी खोटी नव्हती. पटावर शिक्षक मिळतात, हे या व्यवस्थेचे गणित आहे. आम्ही सभा घेतली. नववीतील अकरा मुलांची यादी बाईंच्या पुढे ठेवली आणि त्यांच्या पालकांना समजावून दाखले द्यावेत असे सुचवले. ठरावाला मीही हात वर केला. ज्याने आयुष्यभर समतेवर व्याख्याने दिली, त्याने हात वर केला!

बाईंनी यादी वाचली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की, या अकराजणांत सुट्टीवर गेलेले किती आणि कामाला गेलेले किती, हे कोणाला ठाऊक आहे काय? आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक होते. अकरांपैकी आठ मुलांचे आईबाप ऊसतोडीला जाणारे होते. त्यातली काही मुले स्वतःही फडात जात होती. त्या म्हणाल्या, “ही मुले वर्षातले पाच महिने शाळेत नसतात. ती मंद आहेत असे मी कशावरून म्हणू?” ठराव कागदावर राहिला. दाखला एकालाही दिला गेला नाही. पुढल्या वर्षी निकाल खाली आला, आम्ही त्याबद्दल बाईंना बोल लावला, आणि त्यांनी तो ऐकून घेतला. आज या व्यासपीठावरून, उशिरा का होईना, मी त्यांची क्षमा मागतो.

आपल्या भागात ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या गाड्या भरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो आणि त्या कोयत्यावर उचल मिळते. पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या होतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरण्याचे दिवस तेच, आणि निघण्याचे दिवसही तेच. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, तेव्हा पट्टा पडलेला नसतो. जणू शाळेचे वर्ष ठरवताना या लोकांचे वर्ष कोणी विचारातच घेतले नाही. हंगामी वसतिगृहांची योजना शासनाने केली, ती मुख्यतः लहान वर्गांतील मुलांसाठी. नववी-दहावीच्या मुलामुलींचे काय? त्या वयाचे मूल घरी मागे राहिले तर म्हातारीला सांभाळते, आणि बरोबर गेले तर मोळ्या बांधते.

बाई दर वर्षी गाड्या निघण्याच्या आधीचे पंधरा दिवस वस्त्यांवर फिरत. मुलाला ठेवून जा, असा उपदेश करणे सोपे असते. ठेवायचे कोणापाशी, याची व्यवस्था लावणे अवघड असते. कोणाची आजी, कोणाची चुलती, कोणाला गावातल्या एखाद्या घरी, अशी एकेक नावाची सोय त्या लावत. दोन-तीन मुली तर त्यांच्याच घरी राहत. संध्याकाळी शाळेची एक खोली उघडी ठेवून अभ्यासवर्ग चाले. त्याचे अनुदान नव्हते आणि त्याचा अहवालही कोणी मागितला नाही. जी मुले जातच, त्यांच्याजवळ गणिताचे व विज्ञानाचे स्वाध्याय कागदावर लिहून दिले जात. ते पूर्ण होऊन परत येत असत असा माझा दावा नाही. बहुतेक येत नसत. पण फडावरच्या मुलाला आपले नाव शाळेत अजून आहे हे कळत असे, आणि परतल्यावर ते सरळ वर्गात येऊन बसे.

मुलींच्या बाबतीत प्रश्न आणखी कठीण होता. जोडप्याला उचल मिळते, एकट्याला अर्ध्या कोयत्याची मिळते. म्हणून लग्ने लवकर लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, वयाच्या अठरा वर्षांआधी विवाह झालेल्या तरुण स्त्रियांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के आढळले. बीड जिल्ह्यात ते त्याच्या जवळजवळ दुप्पट होते. कायदा आहे. २००६ साली तो नव्याने झाला. गावपातळीवर त्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. पण कायदा दारात येतो तेव्हा मांडव बहुधा उठलेला असतो.

एका मुलीची हकीकत सांगतो. तिचे नाव सांगण्याचा अधिकार मला नाही. नववीत असताना तिचे लग्न ठरले. बाईंना वर्गातल्या मुलींकडून कळले. त्या तिच्या घरी गेल्या आणि सकाळपासून दिवस मावळेपर्यंत अंगणात बसल्या. कायद्याचे नाव त्यांनी शेवटी काढले. आधी त्यांनी मुलीच्या बापाला उचलीचा हिशेब विचारला, मागली बाकी किती, व्याज किती, मुलगी सासरी गेल्यावर त्यातले फिटणार किती. बापालाही तो हिशेब पुरता ठाऊक नव्हता. दोघांनी मिळून मांडला, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की, कर्ज आहे तेथेच राहणार आणि लेक मात्र जाणार. लग्न दोन वर्षे पुढे ढकलले गेले. ती मुलगी दहावीला बसली, आणि गणित व विज्ञान या दोन विषयांत नापास झाली. पुरवणी परीक्षेत एक विषय सुटला, पुढल्या खेपेला दुसरा. आज ती परिचारिका आहे आणि या मंडपात बसलेली आहे. त्या वर्षी शाळेच्या टक्केवारीतून जे उणे झाले, ते हे.

सगळ्याच कथा अशा संपल्या नाहीत. दुसऱ्या एका मुलीच्या घरी बाई पोहोचल्या तेव्हा एक दिवस उशीर झाला होता. त्या मुलीचे दप्तर पुढे कित्येक महिने शाळेच्या कपाटात होते. बाईंनी ते घरी परत पाठवले नाही. मी एकदा कारण विचारले, तर त्यांनी उत्तर दिले नाही. गौरवाच्या दिवशी अपयशाची आठवण काढू नये असा संकेत आहे. पण ज्या माणसाला आपली अपयशे नावानिशी आठवतात, त्याचाच गौरव करावा असे मला वाटते.

बाईंमध्ये दोष नव्हते असे नाही. त्यांचा आवाज करडा होता आणि नव्या शिक्षकांना तो बोचत असे. कार्यालयाला पाठवायची माहितीपत्रके त्यांच्याकडून हमखास उशिरा जात. स्नेहसंमेलनाच्या नाटकांवर त्यांनी जो कात्रीचा प्रयोग केला, त्याबद्दल माजी विद्यार्थी त्यांना अजून क्षमा करायला तयार नाहीत. देवत्व देऊन माणसाला मखरात बसवले की त्याच्या मागून चालण्याची जबाबदारी टळते. म्हणून बाई आपल्यासारख्याच एक होत्या, हे ध्यानात ठेवणे बरे.

आपल्या मराठवाड्यात शाळा ही सहजासहजी मिळालेली गोष्ट नाही. निजामी राजवटीत शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. आपल्या भाषेतील शाळा लोकांनी पदराला खार लावून काढल्या. स्वामी रामानंद तीर्थ हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेते झाले त्यापूर्वी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर आंबेजोगाईच्या शाळेत शिकवीत होते. १९५० साली बाबासाहेब आंबेडकरांनी त्या वेळच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले आणि ज्यांच्या घरात कोणी अक्षर गिरवले नव्हते ती मुले पदवीपर्यंत गेली. त्याहीपूर्वी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. या साऱ्या प्रयत्नांमागे एकच प्रश्न होता : शाळेच्या आत कोण आणि बाहेर कोण? तो प्रश्न सुटला असे आपण समजून चाललो. आज तो नववीच्या वर्गात, दाखल्याच्या एका कागदावर, पुन्हा उभा आहे. पूर्वी जात पाहून मूल दाराबाहेर बसवले जाई. आता गुण पाहून बसवले जाते. आणि बाहेर बसणारी मुले कोणत्या वस्त्यांवरची असतात, हे तपासले तर आपल्याला मान खाली घालावी लागेल.

याचा दोष केवळ मुख्याध्यापकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले की, राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा आणि साऱ्या मुलांसाठी समान शाळा असावी. सहा टक्क्यांचे ते उद्दिष्ट आजवर गाठले गेलेले नाही, आणि समान शाळेचे तर नावही कोणी काढीत नाही. २००० साली शिक्षणसेवक आले, म्हणजे तीन वर्षे ठरावीक मानधनावर पूर्ण वेळ काम. २००१ साली ‘कायम विनाअनुदानित’ हे धोरण आले; २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ हा शब्द वगळला गेला, पण अनुदानासाठी शिक्षकांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. २०१० पासून शिक्षणाचा हक्क अमलात आला, तो वयाच्या चौदाव्या वर्षी संपतो. म्हणजे मूल नववीच्या उंबऱ्यावर येते आणि नेमका तेथेच कायद्याचा हात सुटतो. पुढे ते मूल मुख्याध्यापकाच्या मर्जीवर असते. या शाळेतील मुलांचे भाग्य असे की, ती मर्जी बाईंची होती. परंतु भाग्यावर चालणारी व्यवस्था ही व्यवस्था नव्हे. चांगल्या मुख्याध्यापकाचा गौरव करावा लागतो यातच आपली लाज दडलेली आहे. कारण त्यांनी जे केले ते सर्वत्र नियमाने व्हायला हवे होते.

म्हणून गावकऱ्यांपुढे आणि संचालक मंडळापुढे मी तीन मागण्या ठेवतो. शाल-श्रीफळाऐवजी बाईंना हे द्यावे.

पहिली मागणी अशी की, शाळेच्या दर्शनी फलकावर निकालाच्या टक्केवारीबरोबर आठवीत किती मुले होती आणि त्यांपैकी दहावीला शाळेतर्फे किती बसली हे दोन आकडे दर वर्षी लिहावेत. टक्केवारी कमी दिसली तरी चालेल. भागाकार पुरा दिसू द्या. दुसरी मागणी अशी की, नववी-दहावीच्या कोणत्याही मुलाचा दाखला, पालक गाव सोडून गेल्याखेरीज, पालकसभेत कारण सांगितल्यावाचून दिला जाऊ नये. आणि तिसरी अशी की, हंगामाच्या पाच महिन्यांसाठी मोठ्या मुलांच्या, विशेषतः मुलींच्या निवासाची सोय गावाने उभी करावी आणि शासनाकडे तिची मागणी एकमुखाने लावून धरावी. आजवर ही सोय एका बाईंच्या घरात होती. त्यांच्या निवृत्तीबरोबर ती निवृत्त होता कामा नये.

नव्या मुख्याध्यापकांनाही एक विनंती. आपल्यावर दडपण येईल. संचालक यादी घेऊन येतील. त्यांत माझ्यासारखे समतेवर बोलणारेही असतील. त्या वेळी त्या यादीतील मुले कोठे आहेत, हा एकच प्रश्न विचारा. ज्याला उत्तर ठाऊक नसेल त्याला हात वर करण्याचा अधिकार नाही.

बाई, चौतीस वर्षे आपण हजेरी घेतलीत. गैरहजर मुलाच्या नावापुढे खूण करून पुढे जाणे आपल्याला कधी साधले नाही. आपण विचारत राहिलात, ‘कोठे गेला?’ या मंडपात आज जी माणसे बसली आहेत, त्यांतली कित्येक त्या एका प्रश्नामुळे परत आलेली आहेत. काही शिक्षक आहेत, काही एसटीत वाहक आहेत, काही अजून फडावर जातात, पण आपल्या लेकरांना मागे शाळेत ठेवून जातात. आपल्या शाळेने गाठलेले यश मोजायचे तर ते या मंडपात मोजावे लागेल.

आपल्याला उत्तम आरोग्य लाभो. आणि यंदाच्या दिवाळीत गाड्या भरू लागतील तेव्हा वस्त्यांवर फिरण्यासाठी आम्हांला बोलावणे धाडा. या वेळी मी येईन.